गावाचं नेट माझ्या फोनात

भिंतीवर माझ्या आईचं नाव उमटलं आणि सगळी ग्रामसभा हसली.

शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली होती. जिल्ह्याचे कुणी साहेब लॅपटॉपवरून एकाच वेळी सगळ्या गावांशी बोलणार होते. पंचायतीनं प्रोजेक्टर आणला होता आणि पडदा म्हणून पांढरी भिंत. लॅपटॉपला नेट द्यायचं होतं माझ्या फोनवरून, हॉटस्पॉट लावून. मी ग्रामपंचायतीची संगणक ऑपरेटर. जन्माचे दाखले, घराचे उतारे, वर पाठवायची माहिती, सगळं माझ्या हातून जातं. मी रोजच्यासारखी लॅपटॉपवर वायफायची यादी उघडली. एरवी ती यादी माझ्या एकटीच्या डोळ्यांपुरती असते. त्या दिवशी लॅपटॉपवर जे उघडलं ते भिंतीवरही उघडलं, हातभर अक्षरांत. यादीत एकच नाव होतं. पारूबाई.

आधी मागच्या बाकांवरची पोरं फुसफुसली. मग पुढे खुर्च्यांवर बसलेली मोठी माणसं. कुणीतरी म्हणालं, "आरं, पारी भिंतीवर चढली की." मग हसू दाबायचं कुणाला कारणच उरलं नाही.

पारी म्हणजे माझी आई. पंचायतीचं ऑफिस, शाळेची ही खोली आणि शाळेचे संडास तीच झाडते, तीच धुते. त्या सकाळीही खोली तिनंच झाडली होती. आता ती दाराजवळ पाण्याच्या जारपाशी उभी होती. तिला वाचता येत नाही. सगळे कशाला हसतायत हे तिला कळलं नाही, म्हणून तीही थोडी हसली. ते मी पाहिलं. आजही डोळे मिटले की मला आधी तेच दिसतं.

पहिल्या खुर्चीवर आप्पा बसले होते. सरपंच त्यांच्या मिसेस आहेत, पण सही बाईंची आणि कारभार आप्पांचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आप्पा हसले नाहीत. त्यांनी हात वर केला तशी खोली गप्प झाली.

"ही कोन पारूबाई?"

त्यांना माहीत होतं. मला बोलायला लावायचं होतं. मी म्हणाले, "आई हाय माझी."

"झाडनारी पारी? तिच्या नावाला जोडून घ्यायचं व्हय आता गावानं? ते नाव काढ आदी. मंग जोड."

मी घाबरले. हे इथंच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं घाबरण्याचंच आहे. कुणाला शूर बाईची गोष्ट वाचायची असेल तर त्यानं दुसरीकडे बघावं. मी फोन घेतला आणि हॉटस्पॉटचं नाव पुसायला लागले. शेवटून एक एक अक्षर गेलं. आप्पांनी सांगितलं, "ग्रामविकास टाक." मी टाकलं.

हॉटस्पॉटचं नाव बदललं की जोडलेलं सगळं तुटतं. नव्या नावाला पासवर्ड नव्यानं टाकावा लागतो. मी टाकला, चुकला. परत टाकला, परत चुकला. बोटं ऐकत नव्हती. साहेबांची वेळ होत आली होती. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, माझ्याजवळ वाकून म्हणाले, "ते डोळ्याचं चिन्ह दाब ना, काय टाकतेस ते दिसेल तरी." ते भल्यासाठीच म्हणाले. मी डोळा दाबला. पासवर्ड भिंतीवर उघडा पडला. मागच्या बाकांवरच्या पोरांनी मोबाईल वर केले आणि भिंतीचा फोटो काढून घेतला.

नेट लागलं. साहेब भिंतीवर आले. डिजिटल गाव म्हणजे काय ते त्यांनी बराच वेळ समजावून सांगितलं.

माझा फोन पंचायतीचं नेट कसा झाला तेही सांगते. रस्त्याचं काम निघालं तेव्हा जेसीबीनं पंचायतीच्या इंटरनेटची वायर उखडली. भाऊसाहेब म्हणाले, "तात्पुरतं तुझ्या फोनवरून चालव." आमच्याकडे तात्पुरतं म्हणजे जन्माचं. जामखेडहून येताना शेवटची टेकडी ओलांडली की रेंज लंगडायला लागते. ऑफिसात तर ती एका खिडकीतच येते. मग मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या खिडकीच्या गजाला टांगायची. कॉम्प्युटर जुना. त्याला फोनचं नवं, वेगवान नेट दिसायचंच नाही. मी दोन दिवस डोकं खाल्लं आणि सेटिंगमध्ये जाऊन जुन्या पद्धतीचं नेट निवडलं, तेव्हा ते दिसायला लागलं. थोडा वेळ कुणी जोडलेलं नसलं की फोन हॉटस्पॉट आपोआप बंद करायचा. चहा पिऊन येईपर्यंत अर्धा भरलेला दाखला पुसला जायचा. म्हणून ते आपोआप बंद होणंही मी बंद करून ठेवलं. मी स्वतः बंद करेपर्यंत हॉटस्पॉट चालू.

नावाचं म्हणाल तर भाऊसाहेबांचा आणि माझा फोन एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा. यादीत दोघांची नावं सारखीच यायची. कॉम्प्युटर कधी त्यांना धरायचा, कधी मला. म्हणून मी माझ्या फोनचं नाव बदललं. काय टाकावं याचा फार विचार केला नाही. हा फोन आईनं लोकांचे कांदे काढायला जाऊन घेऊन दिला होता, तिचंच नाव टाकलं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. गावात तिला कुणी पारूबाई म्हणत नाही. पारी म्हणतात. ए पारे म्हणतात. पहिलीतली पोरंसुद्धा म्हणतात, पारे, पानी दे. तो जुना कॉम्प्युटर तेवढा रोज सकाळी मला पारूबाई दाखवायचा. मला बरं वाटायचं.

आमच्या गावात आता शिवाशीव कुणी पाळत नाही असं म्हणतात. चहाचे कप कागदाचे आले, त्यामुळे आमच्यासाठी वेगळा कप ठेवायची कटकट गेली. वस्तीच्या पाटीवरचं मांगवाडा पुसून तिथं चांगलं नाव लिहिलंय. पत्ता विचारायला कुणी आला तर मात्र जुन्याच नावानं सांगतात.

सभेच्या दुसऱ्या दिवसापासून पंचायतीच्या ओट्यावर पोरं बसायला लागली. भिंतीला पाठ, मान खाली, हातात मोबाईल. सगळे ग्रामविकासला जोडलेले. हॉटस्पॉटमध्ये किती फोन घ्यायचे याला मर्यादा असते. ती भरली की नवं कुणी आत येत नाही. एका सकाळी माझा कॉम्प्युटरच जोडला जाईना. मी फोन बंद करून चालू केला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पासवर्ड पुसून परत टाकला. शेवटी जोडलेल्या फोनांची यादी उघडली तेव्हा कळलं. माझ्या फोनात माझ्या कॉम्प्युटरला जागा नव्हती. सगळी जागा ओट्यानं घेतली होती.

दुपारपर्यंत दिवसाचं नेट संपायचं. फोन तव्यासारखा तापायचा. दाखल्यासाठी ताटकळलेली माणसं मला बोलायची. एक म्हातारे बाबा म्हणाले, "बाई, तुला येत नसंल तर येनाऱ्याला बसव तिथं." त्यांचा दोष नव्हता. त्यांना खुर्चीत मी दिसत होते, ओटा दिसत नव्हता.

जोडलेल्या फोनांच्या यादीत त्यांची नावं येतात. बहुतेक कंपनीनं दिलेली, काही हौसेनं ठेवलेली. एक नाव होतं, नाद नाय करायचा. तो फोन सगळ्यांच्या आधी जोडला जायचा आणि सगळ्यांच्या शेवटी तुटायचा. कुणाचा ते विचारावं लागलं नाही. आप्पांच्या पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे हेच शब्द लाल अक्षरांत आहेत. मी त्या फोनला ब्लॉक केलं. घटकाभरात तो परत आत. सेटिंगमधलं एक बटण फिरवलं की तोच फोन नवा होऊन येतो, हे मला नंतर कळलं. त्याला आधीच माहीत होतं. खिडकीतून आत वाकून तो म्हणाला, "ब्लॉक करतीस व्हय मला?" हसत हसत म्हणाला. मी कीबोर्डकडे बघत राहिले.

मी भाऊसाहेबांना म्हणाले, पासवर्ड बदलते. ते म्हणाले, "आप्पांच्या कानावर घालून कर. उगीच नको." आप्पांच्या कानावर घातलं. आप्पा म्हणाले, "पोरं बसत्यात घडीभर, तुझ्या पोटात का दुखतंय? गावाचं नेट हाय ते." रिचार्ज मी मारत होते. हे मी तिथं बोलले नाही. घरी येऊन भाकरी थापताना परातीला सांगितलं.

ऑफिसपासून आमची वस्ती फार लांब नाही. एक रस्ता दुकानांवरून जातो. दुसरी पायवाट, रानातून, ओढा ओलांडून. त्या दिवशी काम उरकेपर्यंत दिवस मावळतीला आला. मी कॉम्प्युटर बंद केला, दाराला कुलूप घातलं, फोन पिशवीतून काढला आणि लवकर पोचावं म्हणून पायवाट धरली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली ज्वारी.

आईला फोन लावावा म्हणून स्क्रीन पाहिली. वर एक ओळ होती. हॉटस्पॉट चालू, एक फोन जोडलेला.

वाटलं, कॉम्प्युटर बंद करायचा राहिला. मग आठवलं, मी तो बंद केला होता, कुलूपही ओढून पाहिलं होतं. आणि ऑफिस तर केव्हाच मागे पडलं होतं. हॉटस्पॉट काही गावभर पुरत नाही. हाक मारली तर ऐकू जाईल तेवढ्या टापूत जो असेल त्यालाच ते नेट मिळतं. म्हणजे जो कुणी जोडलेला होता तो माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. मी यादी उघडली. नाद नाय करायचा.

मागे पाहिलं. वाट रिकामी. ज्वारी हलत होती, पण ज्वारी वाऱ्यानंही हलते. मी चालायला लागले. थोडं गेल्यावर परत स्क्रीन पाहिली. नाव तिथंच. पळावंसं वाटत होतं, पण पळाले तर मी घाबरले हे त्याला कळेल असं वाटत होतं. जसं काही न पळता कळत नव्हतं.

हॉटस्पॉट बंद करायला बोट नेलं आणि थांबले. बंद केलं तर तो मागे आहे की गेला हे मला कसं कळणार? ते नाव दिसत होतं तोवर निदान एवढं समजत होतं की तो आहे. नाव गेलं की तो कुठंही असू शकत होता. म्हणून मी त्याला माझं नेट देत राहिले, आणि त्याच नेटवर तो माझ्या मागे आहे हे बघत चालत राहिले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. ही म्हण करणाऱ्याच्या मागे कधी कुणी गेलं नसावं.

ओढ्यापाशी नाव गेलं. मला सुटल्यासारखं वाटलं नाही, उलट जीवच गेला. तेव्हा मी पळाले. एक चप्पल चिखलात रुतून राहिली ती तिथंच.

घरी आई चुलीपुढे होती. "चप्पल कुठं हाय?" तिनं विचारलं. मी म्हणाले, तुटली. दुसरं काही सांगितलं नाही. भिंतीला टेकून बसले, फोन मांडीवर. बसल्या बसल्या बघितलं तर नाव परत आलं होतं. का कुणास ठाऊक, मी त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला.

आमच्या घराची मागची भिंत पत्र्याची आहे. पत्र्यापलीकडे गाणं वाजायला लागलं, मोबाईलवरचं, मोठ्यानं. माझ्याच नेटवर. दोघंतिघं हसले. मग एक आवाज पत्र्याला तोंड लावून बोलला.

"पारूबाई, नेट लई भारी हाय तुमचं."

आईनं तवा उतरवला. माझ्याकडे पाहिलं नाही. उठून दाराला कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली. जन्मभर गावातल्या कुणी तिला पारूबाई म्हटलं नव्हतं, तुमचं म्हटलं नव्हतं. म्हटलं ते असं.

गाणं थांबलं, गाडी निघून गेली. मग मी फोन उचलला आणि पासवर्ड बदलला. लांबलचक केला, मलाच पाठ करावा लागेल असा. तो इथे लिहीत नाही, मला आता सवय लागली आहे. मग नावावर बोट ठेवलं. ग्रामविकास पुसलं आणि पारूबाई लिहिलं.

"काय करतीस?" आई म्हणाली. मी सांगितलं.

"माजं नाव कशाला टाकतीस बाई? देवाचं टाक एखांद्या. काय बी टाक."

"तुझंच टाकनार."

"त्यांचं नेट हाय, घिऊ दे त्यांस्नी."

"त्यांचं न्हाई. माझं हाय."

हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. आणि बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की इतके दिवस ते मलाही पटलेलं नव्हतं. गावानं खुर्चीत बसू दिलं, तर फोन गावाचाच, असं मलाही आतून वाटत होतं. खुर्ची गावानं दिलेली नाही. बारावी करून, रोज तालुक्याला जाऊन कोर्स करून, अर्ज भरून ती मी मिळवली आहे. तरी रोज सकाळी ऑफिसचं कुलूप उघडताना मला दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. माझ्यात ही भीती कुणी भरली हे मी त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या शोधत होते. एकाचं नाव सापडलं नाही. सगळं गावच सापडलं.

सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा ओट्यावर पोरं मोबाईल वर-खाली करत होती. थोड्याच वेळात आप्पा आले. मागे पुतण्या आणि त्याचे दोन मित्र. भाऊसाहेब आपल्या टेबलाच्या खणात काहीतरी शोधायला लागले. काही हरवलेलं नव्हतं. आई आतल्या खोलीत केर काढत होती.

"पासवर्ड बदलला म्हनं?"

"व्हय."

"नाव बी परत तेच."

"व्हय."

"सांग पासवर्ड."

ते तिघं दारात उभे होते. ऑफिसला दार एकच आहे. लघवी होईल असं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं होतं.

मी म्हणाले, "आप्पा, फोन माझा हाय. रिचार्ज मी मारते. पंचायतीची वायर पंचायतीनं जोडून घ्यावी." आवाज फाटला. शेवटचा शब्द तर कुणाला ऐकूही गेला नसेल.

"गावाचं काम अडवतीस तू?"

"काम मी करते, आप्पा. तुमचा पुतन्या काल सांजच्याला माझ्या मागं घरापोतर आला हुता. त्याला नेट देनार न्हाई."

खणातला आवाज थांबला. पुतण्या म्हणाला, "हिच्या मागं कोन जातंय," आणि मग आमच्या वस्तीचं जुनं नाव घेऊन एक शिवी हासडली. ती मी इथे लिहीत नाही, पण नंतर दुसरीकडे शब्द न् शब्द सांगून लिहायला लावली. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आई झाडू घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"पारे, पोरीला सांग काय ते. न्हाईतर उद्यापासनं तू बी यायचं काम न्हाई."

आई माझ्याकडे आली. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं ती खाली बसेल.

"दे बाई. दे पासवर्ड. काय हाय त्यात?"

आप्पांना नाही म्हणायची तयारी मी रात्रभर केली होती. आईला नाही म्हणायची केलेली नव्हती. ती आयुष्यात माझ्याकडे फार काही मागत नाही. आणि मला माहीत होतं, मी आत्ता दिला तर तिचं काम राहील, आजचा दिवस टळेल आणि उद्या संध्याकाळी तो परत पत्र्याबाहेर येईल.

"न्हाई देनार, आई."

मी तिला म्हणाले, पण ते सगळ्यांनी ऐकलं. फोन मी ओढणीखाली दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, लहान पोर धरावं तसा. हिसकावून घेतील असं वाटत होतं. कुणी पुढे आलं नाही. आप्पा भाऊसाहेबांना म्हणाले, "लई शानी झाली ही," आणि निघाले. पुतण्यानं जाता जाता खिडकीच्या गजावर जोरात हात मारला.

आईनं राहिलेला केर भरला. झाडू कोपऱ्यात उभा केला, पदरानं हात पुसले आणि माझ्याशी न बोलता घरी गेली. तिचं काम त्याच दिवशी सुटलं.

मग मी हॉटस्पॉट बंदच ठेवला आणि दाखल्याला येईल त्याला सांगायला लागले, "नेट न्हाई. पंचायतीची वायर तुटलेली हाय." लोक आधी माझ्यावर चिडले. मग भाऊसाहेबांवर. मग वरून भाऊसाहेबांना फोन यायला लागले, अमकी माहिती का आली नाही, तमकी का आली नाही. आणि जी वायर इतके महिने कुणाला जोडता येत नव्हती ती आठवडा उलटायच्या आत जोडली गेली. दोन माणसं आली, खड्डा उकरला, वायर जोडली, चहा पिऊन गेली. मी खिडकीतून बघत होते. मला आनंद झाला नाही, राग आला. एवढंच काम होतं ते.

मी तालुक्याला गेले आणि पोलीस स्टेशनात तक्रार दिली. सोबत कुणी नव्हतं. स्क्रीनचा फोटो दाखवला. हॉटस्पॉट किती लांब पोचतो आणि त्या यादीत नाव दिसलं याचा अर्थ काय, हे समजावून सांगितलं. तिथल्या बाई हवालदारानं सगळं लिहून घेतलं, शिवीसुद्धा. शेवटी पेन बाजूला ठेवून विचारलं, "घरच्यांना विचारलंय ना?" मी म्हणाले, "न्हाई." तिनं सहीसाठी कागद पुढे केला.

भाऊसाहेब परवा घरी येऊन गेले. आत आले नाहीत, अंगणात उभे राहिले. आईनं पाणी आणलं. ते म्हणाले, "आत्ताच पिऊन आलोय." मग मला म्हणाले, "तक्रार मागे घे. आप्पा म्हणाले, आईला परत कामावर घेतो. तू फक्त चुकलं म्हण." ते वाईट माणूस नाहीत. फक्त कुणीतरी वाईट वागायला लागलं की त्यांना खणात काहीतरी शोधायचं असतं.

ते गेल्यावर आई बोलली. किती दिवसांनी बोलली.

"घे मागं. पोट हाय आपल्याला. आनि तू एकटी येतीस-जातीस."

तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. ती माझ्याहून जास्त वर्षं घाबरत आली आहे. तिला या गावाचं मन माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. मीही रोज घाबरते. पायवाट मी सोडली, दुकानांवरून जाते. मोटरसायकलचा आवाज आला की पाठ आपोआप ताठ होते. हॉटस्पॉट बंद असतो तरी जाताना तीनतीनदा उघडून बघते. भीती जाईल असं मला कुणी सांगू नये. ती जायची वाट बघत बसले तर मी म्हातारी होईन आणि माझ्यानंतर त्या खुर्चीत बसणारी मुलगीही तिचा फोन खिडकीला टांगेल.

मी आईला म्हणाले, "तुझं काम मी परत मागनार हाय. अर्ज करून मागनार. पन चुकलं म्हनून न्हाई मागनार." ती रडायला लागली. मी तिच्याजवळ बसून राहिले. समजूत घालायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून घातली नाही.

जबाब द्यायला मला परत बोलावलं आहे. आवाज फाटेल, हे मला आत्ताच माहीत आहे. फाटक्या आवाजात सांगेन. पुतण्याचं नाव घेऊन सांगेन, आप्पांचंही नाव घेऊन सांगेन. तक्रार मागे घेणार नाही. आई म्हणाली तरी नाही.